रक्तातले प्लास्टिक आणि शुद्धीची जुनी गोष्ट

चौदा एप्रिलच्या जयंतीनिमित्त आमच्या मंडळाचे रक्तदान ठरले की निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. कोठे यायचे, किती वाजता यायचे, एमिरेट्स आयडी सोबत आणावा, उपाशीपोटी येऊ नये, एवढाच त्यात मजकूर असतो. या वेळी कोणीतरी त्याखाली एक ओळ वाढवली : रक्त दिल्याने शरीरात साठलेले प्लास्टिक बाहेर पडते. दोन दिवसांत ती ओळ शारजाच्या गटातून अबू धाबीच्या गटात पोहोचली आणि नावे भराभर येऊ लागली. नावे वाढली याचा आनंद झाला; ओळ मात्र खटकत राहिली. तिचा माग काढताना आम्हांस बरेच मागे जावे लागले, आणि वाटेत अशा गोष्टी भेटल्या ज्यांचा आपल्या इतिहासाशी फार जवळचा संबंध आहे.

ती ओळ अगदीच हवेतून आलेली नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अग्निशमन दलाशी संबंधित २८५ जणांवर ती झाली होती. आग विझवण्याच्या फेसात पीफास नावाने ओळखली जाणारी रसायने वापरली जात असत. ती शरीरातून लवकर जात नाहीत, वर्षानुवर्षे रक्तात राहतात. एका गटाने वर्षभर दर सहा आठवड्यांनी रक्तद्रव दिला, दुसऱ्याने दर बारा आठवड्यांनी रक्त दिले, तिसऱ्याने काहीच दिले नाही. देणाऱ्या दोन्ही गटांत या रसायनांचे प्रमाण घटले, रक्तद्रव देणाऱ्यांत अधिक घटले. प्रयोग नेटका होता आणि निष्कर्षही स्पष्ट होता. परंतु पीफास म्हणजे प्लास्टिकचे कण नव्हेत. ही रसायने रक्तातील प्रथिनांना चिकटून राहतात, म्हणूनच ती रक्तद्रवाबरोबर बाहेर येतात.

त्याच्या आदल्याच महिन्यात अ‍ॅमस्टरडॅमहून दुसरी बातमी आली होती. तेथील संशोधकांनी २२ निरोगी रक्तदात्यांचे रक्त तपासले, तेव्हा १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे अंश सापडले. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात त्याचेही. मानवी रक्तात प्लास्टिक मोजता येते हे तेव्हा प्रथमच दिसले. एकाच वसंत ऋतूत आलेल्या या दोन बातम्यांची पुढे सरमिसळ झाली असावी, असा आमचा तर्क आहे. एका बातमीने सांगितले, रक्तात प्लास्टिक आहे. दुसरीने सांगितले, रक्त दिल्याने नको ते घटते. निरोप पुढे ढकलणाऱ्याने दोहोंची बेरीज केली. ती बेरीज अजून कोणत्याही प्रयोगाने सिद्ध केलेली नाही.

साधा हिशेब केला तरी शंका येते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि एका वेळी साधारण ४५० मिलिलिटर घेतले जाते. म्हणजे रक्तात जे काही असेल त्याचा दहावा हिस्साही जात नाही, आणि संध्याकाळी आपण पुन्हा त्याच बाटलीतले पाणी पितो. शिवाय हे कण केवळ रक्तात वाहत राहत नाहीत. २०२४ मध्ये इटलीतील वैद्यांनी मानेतील रोहिणीतून शस्त्रक्रियेने काढलेला मेदाचा थर तपासला. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिएथिलीन सापडले, आणि पुढील सुमारे तीन वर्षांत या लोकांमध्ये हृदयविकार, पक्षाघात व मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळले. प्लास्टिकनेच ते घडवले असे त्यावरून म्हणता येत नाही. पण रोहिणीच्या भिंतीत रुतलेला कण हाताच्या शिरेत खुपसलेल्या सुईवाटे निघून येईल, अशी आशा धरण्यास काही आधार नाही. रक्त यंत्रातून गाळून परत शरीरात सोडणारे महागडे उपचार लंडनसारख्या शहरांत जवळपास दहा हजार पौंडांना विकले जात आहेत. २०२५ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी अशा गाळणीतून निघालेल्या द्रवात प्लास्टिकसदृश कण दिसल्याचे नोंदवले. रुग्णांच्या शरीरातील प्लास्टिक किती घटले हे मात्र त्यांनी मोजलेले नव्हते.

आणि ज्या पिशवीत आपले रक्त जमा होते ती पिशवीही प्लास्टिकचीच! पूर्वी रक्त काचेच्या बाटलीत घेत. १९५० च्या सुमारास बोस्टनचे शल्यविशारद कार्ल वॉल्टर आणि अभियंता-वैद्य विल्यम मर्फी यांनी प्लास्टिकची पिशवी घडवली. ती फुटत नाही, आणि तिच्यामुळे एका माणसाच्या रक्तातून तांबड्या पेशी, रक्तद्रव व बिंबाणू वेगळे करून तिघांना देणे सोपे झाले. त्या पिशवीला मऊपणा आणणारे डीईएचपी हे रसायन थोडे थोडे रक्तात उतरते, हे १९७० च्या सुमारास कळले. तेच रसायन तांबड्या पेशींचे आवरण टिकवून धरते, हेही पुढे कळले. म्हणून ते काढून टाकणे अद्याप कठीण जात आहे. ज्या प्लास्टिकला आपण घालवू पाहतो त्याच्याच कुशीत रक्त पाच-सहा आठवडे टिकते.

अंगातील दोष रक्तावाटे काढून टाकावा, ही कल्पना मात्र प्लास्टिकपेक्षा कितीतरी जुनी आहे. विनयपिटकातील महावग्गात औषधांविषयीचा एक खंधक आहे. त्यात आयुष्मान पिलिन्दवच्छ सांध्यांच्या वाताने आजारी असल्याची नोंद येते, आणि भगवान बुद्ध भिक्खूंना रक्त काढण्याची व त्यानंतर शिंग लावून ते ओढून घेण्याची अनुमती देतात. हा उतारा वाचताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली. तेथे सांधे दुखतात म्हणून उपाय केला जातो; भिक्खू अशुद्ध झाला आहे आणि त्यास शुद्ध करावयाचे आहे, असा शब्दही तेथे नाही. सुश्रुतसंहितेत शिंग, जळू आणि भोपळा अशी रक्त ओढण्याची साधने सांगितली आहेत. त्यांतील भोपळा आपल्याकडे तुंबडी म्हणून राहिला. वैदू लोक गावोगाव हिंडून तुंबडी लावीत, जळवा लावीत. भाषेने त्यातून भलताच अर्थ घेतला : एखाद्याच्या जिवावर चरणाऱ्याला आपण तुंबडी भरणारा म्हणतो. इथे अमिरातीत तोच उपचार हिजामा या नावाने मान पावलेला आहे. परवाना घेतलेल्या दवाखान्यांत काचेचे वा प्लास्टिकचे पेले पाठीवर लावतात, आणि आपल्यातलेही काही बांधव कंबरदुखीसाठी तेथे जाऊन आले आहेत.

युरोपात या कल्पनेने फार माणसे मारली. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन डिसेंबर १७९९ मध्ये घशाच्या आजाराने अंथरुणास खिळले, तेव्हा एकाच दिवसात त्यांचे पुनःपुन्हा रक्त काढले गेले आणि त्याच रात्री ते गेले. पुढे पॅरिसमध्ये पिएर लुई या वैद्याने न्यूमोनियाच्या रुग्णांची मोजदाद केली. लवकर रक्त काढलेले किती वाचले, उशिरा काढलेले किती वाचले, हे आकडे त्याने समोर मांडले, आणि दोन हजार वर्षांच्या श्रद्धेला पहिला मोठा तडा गेला. आज रक्तात लोह साठत जाण्याचा विकार किंवा तांबड्या पेशी अतोनात वाढण्याचा विकार, अशा थोड्याच आजारांत वैद्य रक्त काढतात. ‘ये आणि पाहा’ हे ज्या धम्माचे लक्षण सांगितले जाते, त्याच्या अनुयायांना लुईची वही परकी वाटू नये.

पण या जुन्या प्रथेत आणि आमच्या गटावर फिरलेल्या ओळीत एक मोठा फरक आहे. वॉशिंग्टनचे रक्त भांड्यात गेले आणि ओतून दिले गेले. आमचे रक्त दुसऱ्या माणसाच्या शिरेत जाणार आहे. प्लास्टिक खरोखरच रक्ताबरोबर बाहेर पडत असेल, तर ते जाते कोठे? या प्रश्नापाशी आम्ही थांबलो, कारण त्याचे उत्तर बाबासाहेबांनी वेगळ्या संदर्भात फार पूर्वी लिहून ठेवले आहे.

‘द अनटचेबल्स’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ते हिंदूंकडे वळत नाहीत. जगातील आदिम समाज विटाळ कशाला मानीत आणि तो कसा फेडीत, याचा आढावा घेतात. विटाळ घालवण्याची साधने म्हणून तेथे पाणी आणि रक्त यांचा उल्लेख येतो. त्यापुढे ते आणखी एक मार्ग नोंदवतात : विटाळ दुसऱ्या माणसावर ढकलून मोकळे होणे, आणि तेही जो आधीच निषिद्ध मानला गेला आहे अशा माणसावर. त्या काळचे अभ्यासक ज्याकडे निव्वळ चालीरीतींची जंत्री म्हणून पाहत, त्यातून बाबासाहेबांनी हा नेमका धागा उचलला. आपले पूर्वज गावाच्या वेशीबाहेर का राहिले आणि मेलेले जनावर त्यांनीच का ओढावे, याचा उलगडा त्या धाग्याशिवाय होत नाही. एकाचे सोवळे टिकायचे तर दुसऱ्याने घाण वाहिली पाहिजे, असा तो व्यवहार होता.

महाडलाही तेच घडले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब व त्यांचे सहकारी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले : १०८ घागरी पाणी उपसून बाहेर टाकले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतले. तळ्याच्या मानाने १०८ घागरी म्हणजे काय, हा हिशेब कोणी केला नाही. थोडे काढून टाकले की सगळे स्वच्छ होते, ही समजूत हिशेबाला बसतच नाही. ती मनाच्या समाधानासाठी असते. आमच्या गटावरील ओळ लिहिणाऱ्याच्या मनात यातले काहीही नव्हते, हे आम्ही जाणतो. तरीही शुद्धीची भाषा आपल्या तोंडी आली की दोनदा थांबावे, एवढा धडा महाडने आपल्याला दिलेला आहे.

रक्त हा शब्द तर विषमतेच्या फार कामी आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रेड क्रॉसने आधी कृष्णवर्णीयांचे रक्त नाकारले; जानेवारी १९४२ पासून ते घेतले, पण गोऱ्यांच्या रक्तापासून वेगळे ठेवले. शास्त्राच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नव्हता, तरी ही वेगळी मांडणी १९५० पर्यंत चालली. आपल्याकडे मुंबईत १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अपूर्व रक्तगट शोधून काढला. त्या माणसांना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नव्हते. तो आज जगभर ‘बॉम्बे’ गट म्हणून ओळखला जातो. या गटाच्या माणसाला त्याच गटाचे रक्त हवे. त्याची जात, त्याचा देश, त्याचा धर्म पिशवीवर लिहिलेला नसतो.

नागपूरची गोष्ट आपल्या आणखी जवळची आहे. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे धम्मदीक्षा झाली. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या दोन वैद्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लेख प्रसिद्ध केला. तत्कालीन महार समाजात हा गुण आढळतो, हे त्यातून पुढे आले. विदर्भातील कितीतरी बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांनी हा आजार घरात पाहिला आहे : रात्री अंग ठणकणारे मूल, डोळ्यांतली पिवळी झाक, आणि कारण न कळता दवाखाने पालथे घालणारे आईबाप. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्तांसाठी आयुष्य वेचले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या आजाराचा कोणत्याही जातीच्या शुद्ध वा अशुद्ध रक्ताशी संबंध नाही. हा गुण आईबापांपैकी एकाकडूनच आला तर मलेरियापासून काही संरक्षण मिळते, म्हणून तो मलेरियाच्या मुलखात टिकला. दोघांकडून आला तर मूल आजारी पडते. जातीतल्या जातीत लग्ने होत राहिली की असा गुण एका घोळक्यात साचून राहतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीअंतर्गत विवाह हाच जातिसंस्थेचा प्राण असल्याचे दाखवले. १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’त आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. त्यांच्यासमोर समाज होता, रक्ताची चाचणी नव्हती. पण त्यांचे म्हणणे आपल्या मुलांच्या प्रयोगशाळेतील अहवालापर्यंत येऊन भिडते.

इथल्या रक्तपेढीतील पिशवी कोणाकडे जाते, याची कल्पना यावी म्हणून दुबईच्या थॅलसेमिया केंद्राचा उल्लेख करतो. थॅलसेमिया या भागात सिकलसेलचा जणू भाऊबंद. त्यात शरीराला पुरेसे हिमोग्लोबिन तयार करता येत नाही, आणि गंभीर स्वरूप असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, तेही जन्मभर. इमिराती, पाकिस्तानी, भारतीय, इराणी अशा घरांतली ही मुले आहेत. आमच्या गटावरील ओळ खरी मानली, तर आपण आपल्या अंगातले प्लास्टिक काढून महिन्याकाठी या मुलांच्या अंगात घालत आहोत, असा तिचा अर्थ होतो. ओळ खरी नाही हे बरेच. कोणी रक्त घेण्यास किंवा देण्यास कचरू नये. देणाऱ्याच्या रक्तात जे आहे तेच घेणाऱ्याच्याही रक्तात आधीपासून आहे, आणि पिशवी न मिळाल्याने होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे व तत्काळ असते.

मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ काकांनी विचारले, ‘‘ओळ चुकीची असेना, माणसे तर येत होती ना?’’ प्रश्न रास्त होता आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. आमच्यापैकी एका ताईंनी भारतातील जुनी गोष्ट सांगितली. तेथे अनेक वर्षे रक्त विकले जाई. हातावर पोट असलेली माणसे वारंवार रक्त विकत. आजार असला तर लपवत, कारण खरे सांगितले तर त्या दिवसाची भाकर जाई. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निर्णय दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्येच दाखवले होते की स्वतःसाठी काही मिळवायला आलेल्या माणसास खरे बोलणे महाग पडते. प्लास्टिक काढायला आलेला माणूसही स्वतःसाठीच आलेला असतो. प्रश्नावलीत कावीळ झाली होती का, औषध चालू आहे का, असे विचारले की तो क्षणभर विचार करील. तो क्षण पिशवीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मुलाला परवडणारा नाही. काकांनी मान डोलावली. पूर्ण पटले असे मात्र वाटले नाही.

प्लास्टिकचा प्रश्न याने संपत नाही. उलट तो जेथून सुरू होतो तिकडे पाहावे लागते. २०२४ च्या जानेवारीत कोलंबिया विद्यापीठाच्याच संशोधकांनी बाटलीबंद पाण्यातील कण मोजले : लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार. सोनापूरच्या कामगार वसाहतीतल्या बांधवांचे पिण्याचे पाणी प्लास्टिकच्या जारमधूनच येते, आणि ऑगस्टच्या उन्हात ते जार तासन् तास गाडीवर तापत असतात. शहरात रिकाम्या पिशव्या वाऱ्याने वाळवंटात जातात. दुबईतील पशुवैद्यकीय प्रयोगशाळेने मेलेल्या सुमारे ३०,००० उंटांची पाहणी केली, तेव्हा ३०० उंटांच्या पोटात प्लास्टिकचे घट्ट गोळे निघाले. १ जुलै २०२२ पासून दुबईत पिशवीला २५ फिल्स पडू लागले, २०२४ पासून एकदा वापरून फेकायच्या पिशव्यांवर बंदी आली. महाराष्ट्रातही २०१८ मध्ये बंदी आली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून पुण्याच्या रस्त्यांवरचे प्लास्टिक उचलत होत्या त्या बहुतांशी दलित बायाच. १९९३ मध्ये त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, ओळखपत्रे मिळाली, त्यांच्या कामाला काम म्हणून मान्यता मिळाली. दुसऱ्याने टाकलेले कोणी वाहायचे, हा १९४८ च्या ग्रंथातला प्रश्न त्यांच्या डोक्यावरच्या गाठोड्यात तसाच होता.

निरोपातली ती ओळ आम्ही काढली. तिच्या जागी दोन गोष्टी घातल्या. पहिली, रक्त कोणाला लागते ते तीन वाक्यांत. दुसरी, विदर्भातील ज्या घरांत लग्न ठरते आहे त्यांनी दोन्ही बाजूंची सिकलसेलची चाचणी करून घ्यावी. अमिरातीत होणाऱ्या लग्नाआधीच्या तपासणीत ती असते. गावाकडे लग्न होणार असेल तर मुद्दाम करावी लागते. कार्यक्रमात पाण्याच्या छोट्या बाटल्या मागवल्या नाहीत. तीन घरांतून स्टीलचे पिंप आणि पेले आले, आणि ते विसळण्याचे काम आळीपाळीने सगळ्यांनी केले, पदाधिकाऱ्यांनीही.

काही नावे गळाली. आलेल्यांपैकी दोघींना हिमोग्लोबिन कमी असल्याने परत पाठवले गेले. त्या दुपारपर्यंत चहाच्या टेबलाशी बसून राहिल्या. ते ज्येष्ठ काका वयामुळे रक्त देऊ शकत नव्हते. ते दाराशी उभे राहून प्रत्येकाला एकच विचारत होते, ‘‘जेवून आलास ना बाळा?’’